वाय-फाय दिसत नाही? आधी चिपचा नंबर सांगा

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलेल्या लॅपटॉपवर वाय-फाय दिसेनासं झालं आणि कुणाकडे मदत मागितली, की उत्तराऐवजी बहुधा उलट प्रश्नच येतो: 'एलएसपीसीआय -एनएन' (lspci -nn) या आतली कार्डं दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट द्या. लॅपटॉप कुठल्या कंपनीचा, किती जुना, याची फारशी चौकशी होत नाही. नव्या माणसाला हे तुटक वाटतं. पण त्या प्रश्नामागे बराच मोठा इतिहास आहे. तो माहीत असला, तर मदत नीट मागता येते आणि मिळालेला सल्ला पारखूनही घेता येतो.

लिनस तोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जाहीर केलं, तेव्हा हार्डवेअर कंपन्यांच्या लेखी ही प्रणाली नव्हतीच. ज्याच्याकडे जे कार्ड, त्याने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिहायचा, अशीच रीत पडली. नेटवर्कच्या बाबतीत डोनाल्ड बेकर यांचं ऋण फार मोठं आहे. केबलवर चालणाऱ्या इथरनेट कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर त्यांनी लिहिले, आणि नव्वदच्या दशकात केबल जोडली की लिनक्सवर नेट चालायचं ते बऱ्याच अंशी त्यामुळे. ही कार्डं साधी होती आणि त्यांची माहितीही मिळत असे.

पहिली मोठी अडचण आली ती विनमोडेमची. मोडेममधलं निम्मं काम चिपकडून काढून विंडोजच्या ड्रायव्हरकडे सोपवलं, की मोडेम स्वस्तात बनतो. मग विंडोज नसेल तर हातात उरतो तो अर्धाच मोडेम. भारतात ऑगस्ट १९९५ मध्ये व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत घरोघरी डायल-अप आलं, तेव्हा लिनक्सवाल्यांना ठरलेला सल्ला मिळायचा: पीसीच्या आत बसवलेला मोडेम सोडा, सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा घ्या. तो महाग पडायचा, पण चालायचा.

वाय-फायने हीच गोष्ट अनेक पटींनी मोठी करून समोर आणली. इंटेलने २००३ च्या मार्चमध्ये सेंट्रिनो हा वाय-फायसह येणारा लॅपटॉपचा चिपसंच बाजारात आणला आणि लॅपटॉपमध्ये वाय-फाय असणं गृहीत धरलं जाऊ लागलं. पण ब्रॉडकॉमसारख्या कंपन्या चिपची माहिती देईनात. वाय-फायची चिप म्हणजे रेडिओ प्रक्षेपक. ड्रायव्हर खुला केला तर लोक परवानगी नसलेल्या लहरींवर प्रक्षेपण करतील आणि नियामक आपल्याला धरतील, अशी भीती या धंद्यात सांगितली जायची. भीती खरी असेलही. पण तिची किंमत मोजली ती पैसे देऊन लॅपटॉप घेणाऱ्यांनी, आणि ते मला आजही अन्यायाचं वाटतं.

त्याच वर्षी एनडीआयएसरॅपर आला. विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच चालवायचा, ही त्याची युक्ती. सीडीवरची '.आयएनएफ' फाइल शोधा, ती एनडीआयएसरॅपरला द्या, मॉड्यूल लोड करा: त्या काळातले मदतीचे लेख अशा पायऱ्यांनी भरलेले आहेत. यामुळे हजारो लॅपटॉप चालू झाले. मात्र आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नसे. कर्नल कोसळलं तर कर्नल लिहिणारेही हात टेकायचे.

ब्रॉडकॉमचं कोडं ज्या पद्धतीने सुटलं, ते या सगळ्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. एका गटाने उपलब्ध बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचं वर्णन साध्या भाषेत लिहून काढलं. दुसऱ्या गटाने तो बंद ड्रायव्हर पाहिलाच नाही. फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. कुणाचा कोड चोरल्याचा आरोप होऊ नये म्हणून दोन्ही गटांमध्ये ही भिंत कसोशीने पाळली. जून २००६ च्या २.६.१७ या कर्नलमध्ये तो ड्रायव्हर आला आणि पुढे त्याचीच सुधारित आवृत्ती 'बी४३' या नावाने ओळखली जाऊ लागली.

तरी एक गाठ उरली. चिप सुरू होताना तिच्यात जे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, भरावं लागतं, ते ब्रॉडकॉमच्या मालकीचं होतं आणि इतरांना वाटायची परवानगी नव्हती. म्हणून प्रत्येकाने विंडोजचा किंवा राउटरचा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा आणि 'बी४३-एफडब्ल्यूकटर' वापरून त्यातून फर्मवेअर कापून काढायचं. ते उतरवायला नेट हवं, आणि नेट तर तेच बंद! त्यामुळे 'थोडा वेळ केबल लावा' हे सल्ल्यातलं पहिलं वाक्य झालं. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ आलं, फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरता येऊ लागलं आणि केबलची जागा फोनने घेतली. आजही अडकलेल्याला मी आधी हेच सुचवतो.

आता नंबराकडे येऊ. 'एलएसपीसीआय -एनएन' चालवल्यावर वाय-फायच्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात असं काही दिसतं: १४ई४:४३१५. अपूर्णविरामाच्या आधीचा भाग कंपनीचा, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. नंतरचा भाग चिपचा. हीच ओळ त्या चिपचं नाव बीसीएम४३१२ असं सांगते. गोंधळ इथेच व्हायचा. बीसीएम४३१२ हेच नाव असलेली, पण ४३१२ हा नंबर दाखवणारी दुसरी चिपही होती, आणि ती बी४३ वर आधीपासून चालायची. ४३१५ ची रेडिओ रचना वेगळी. तिला बी४३ मध्ये आधार मिळाला तो डिसेंबर २००९ च्या २.६.३२ कर्नलपासून. तोवर ब्रॉडकॉमनेच २००८ मध्ये दिलेला 'डब्ल्यूएल' हा अर्धवट बंद ड्रायव्हर घालावा लागे. दोन्ही ड्रायव्हर एकाच वेळी चिपवर हक्क सांगू लागले की वाय-फाय गायब, म्हणून एकाला ब्लॅकलिस्ट करायचं, म्हणजे लोडच होऊ द्यायचं नाही. भर म्हणजे लॅपटॉपच्या एकाच मॉडेलमध्ये कधी एक कार्ड, कधी दुसरं. मॉडेलचं नाव ऐकून मदत करणारे गप्प का बसतात आणि नंबर का मागतात, ते यात आलं.

आपल्याकडे याच सुमाराला डोंगलची, म्हणजे मोबाइल नेटच्या छोट्या मोडेमची, लाट आली. यूएसबी डोंगल पीसीला लावलं की आधी ते सीडी असल्याचं भासवायचं, म्हणजे त्याच्याच पोटातून विंडोजचा ड्रायव्हर बसवता यावा. लिनक्सला तिथे मोडेम दिसायचाच नाही. यूएसबीला लावलेल्या वस्तूंची यादी देणाऱ्या 'एलएसयूएसबी'मध्ये ह्वावेच्या अनेक डोंगलांचा नंबर १२डी१:१४४६ असा यायचा. 'यूएसबी-मोडस्विच' हे सॉफ्टवेअर त्याला ठरावीक संदेश पाठवायचं, सीडीचं सोंग उतरायचं आणि त्याच वस्तूचा नंबर बदलून मोडेम प्रकट व्हायचा. कोणत्या डोंगलला कोणता संदेश चालतो, ही यादी जगभरातल्या वापरणाऱ्यांनी आपापले नंबर कळवत वाढवत नेली. ब्रॉडबँड न पोचलेल्या गावांत आणि हॉस्टेलांत लिनक्सवर नेट चाललं, त्यात या यादीचा वाटा मोठा आहे.

कंपन्यांचा पवित्राही हळूहळू बदलला. अथेरॉसने २००८ मध्ये 'एथ९के' हा खुला ड्रायव्हर दिला, ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१० मध्ये नव्या चिपांसाठी तसंच केलं. फर्मवेअर मात्र बहुतेक बंदच राहिलं. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने ते तत्त्व म्हणून अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून ही भूमिका बदलली आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. नेटच मिळालं नाही, तर नवा माणूस मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत पोचणार कसा?

मदत मागताना आता चिपच्या नंबरासोबत 'यूनेम -आर' (uname -r) या कमांडचं आउटपुट, म्हणजे कर्नलची आवृत्तीही द्यावी. रिअलटेकच्या काही यूएसबी वाय-फाय अडॅप्टरांचं उदाहरण ताजं आहे. आरटीएल८८२२बीयू ही चिप असेल, तर २०२१ मधला सल्ला सांगेल की ड्रायव्हरचा सोर्स उतरवा आणि स्वतः कंपाइल करून घाला. तेव्हा ते बरोबर होतं. पण २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ६.२ कर्नलपासून या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. जुना लेख वाचून बाहेरचाही घातला, तर दोन्ही एकाच अडॅप्टरवर हक्क सांगतात. अशा वेळी बाहेरचा काढून टाकावा, रीबूट करावं आणि 'डीमेसेज'मध्ये (dmesg), म्हणजे कर्नलच्या संदेशांत, फर्मवेअर लोड झाल्याची ओळ येते का ते पाहावं.