टास्कबारवरचा अनोळखी नेटवर्क आयकॉन

विंडोजच्या कॉम्प्युटरवर उजवीकडे खाली, घड्याळाच्या शेजारी नेटवर्कचं एक बारकं चिन्ह असतं. ते रोजच्यासारखं असेपर्यंत कुणी त्याच्याकडे बघतही नाही, पण एखाद्या दिवशी वायफायच्या पंख्याच्या जागी जाळीचा गोळा दिसतो, किंवा पिवळा त्रिकोण येऊन बसतो, किंवा नेटवर्कच्या फोल्डरमध्ये भलत्याच कुणाचा फोन दिसायला लागतो, आणि मग घरात जो कुणी 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' असेल त्याला हाक जाते. अशा आयकॉनचा अर्थ काय आणि बिघाड नेमका कुठे शोधायचा, त्याबद्दलची ही नोंद. एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी, हा आयकॉन म्हणजे विंडोजने एक छोटीशी परीक्षा घेऊन बनवलेलं मत असतं, आणि ते मत चुकूही शकतं.

आधी चिन्हं. तारेने जोडलेलं नेट असेल तर मॉनिटर आणि त्याला लागून केबल असं चित्र, वायफाय असेल तर पंखा. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये आणि ११ मध्ये नेट नसलं की गोळा येतो, त्याच्या कोपऱ्यात नो एन्ट्रीसारखं गोल चिन्ह. पिवळा त्रिकोण म्हणजे राऊटरपर्यंत पोचलोय पण पुढे काही सापडत नाही. विमान म्हणजे एअरप्लेन मोड, लॅपटॉपवर हा बहुतेक वेळा फंक्शनच्या बटणावर चुकून बोट पडल्यामुळे लागलेला असतो, तेव्हा ड्रायव्हर (वायफायचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे उघडायच्या आधी हे बघावं. विंडोज ७ वाल्यांना लाल फुली आणि पिवळी चांदणी आठवत असेल, चांदणीचा अर्थ आसपास वायफाय आहे पण तुम्ही जोडलेले नाही आहात इतकाच. विंडोज ११ मध्ये आयकॉनवर छोटी ढाल दिसली तर घाबरायचं कारण नाही, व्हीपीएन (आपलं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत झाकून नेणारी सोय) चालू असल्याची ती खूण आहे, आता व्हीपीएन कुणी चालू केलं ते घरातल्यांना विचारायचं.

विंडोज ही परीक्षा घेतं कशी

व्हिस्टापासून विंडोजमध्ये एनसीएसआय नावाची एक सोय आहे. कॉम्प्युटर नेटवर्कला जोडला गेला की ती गुपचूप एमएसएफटीकनेक्टटेस्ट डॉट कॉम या मायक्रोसॉफ्टच्या पत्त्यावर जाते आणि तिथून एक टेक्स्ट फाईल मागवते, फाईलमध्ये 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच तीन शब्द असतात. जुन्या विंडोजमध्ये पत्ता एमएसएफटीएनसीएसआय डॉट कॉम होता आणि फाईलमध्ये 'मायक्रोसॉफ्ट एनसीएसआय' लिहिलेलं असायचं. शिवाय डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणाऱ्या सोयीला, एक ठरलेलं नाव विचारलं जातं आणि त्याचं उत्तर १३१.१०७.२५५.२५५ असंच यायला हवं. सगळं जुळलं की आयकॉन नीट, नाही जुळलं की गोळा नाहीतर त्रिकोण. बस, एवढंच.

म्हणूनच कधीकधी असं होतं की आयकॉन सांगतोय नेट नाही आणि यूट्यूब मात्र मजेत चालू आहे. जाहिराती अडवणारं डीएनएस लावलं असेल आणि त्याच्या यादीत मायक्रोसॉफ्टचा हा पत्ता असेल, किंवा अँटीव्हायरसच्या फायरवॉलने तो अडवला असेल, किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर प्रॉक्सीची (नेट मधल्या सर्व्हरमार्फत नेण्याची) सेटिंग राहिली असेल, तर परीक्षा नापास होते आणि नेट मात्र ठणठणीत असतं. मग हरकत काय, आयकॉनकडे दुर्लक्ष करावं, असं वाटेल, पण काही अ‍ॅप स्वतः नेट तपासत नाहीत, विंडोजलाच विचारतात, आणि विंडोज नाही म्हणालं की उघडायलाच तयार नसतात. २०२० मध्ये विंडोज १० च्या मे महिन्यातल्या मोठ्या अपडेटनंतर हेच झालं होतं, ब्राउझर चालत होता आणि स्टोअर, स्पॉटिफाय वगैरे नेट नाही म्हणून अडून बसले होते, मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्ती काढली. काही लोक रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, जाऊन ही तपासणीच बंद करून टाकतात, तो उपाय मला तरी पटत नाही, कारण मग स्टेशनवरच्या वायफायचं लॉगिन पान आपोआप उघडत नाही.

त्याचं कारण म्हणजे ही फाईल मुद्दाम साध्या एचटीटीपीने मागवली जाते, कुलूप न लावता, म्हणजे मधला राऊटर ती अडवून तिच्या जागी स्वतःचं पान पाठवू शकतो. हॉटेल, विमानतळ, रेल्वे स्टेशन इथलं फुकट वायफाय असंच चालतं. रेलटेल आणि गुगलने जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनवरचं वायफाय सुरू केलं, तिथेही आधी मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, मग नेट. तोवर तुम्ही वायफायला जोडलेले असता, नेटला नाही. फोनमध्येही हीच युक्ती आहे, अँड्रॉइड गुगलच्या एका पत्त्याकडे रिकामं उत्तर मागतो, आयफोन आणि मॅक कॅप्टिव्ह डॉट अ‍ॅपल डॉट कॉमकडून 'सक्सेस' हा शब्द आणतात, आणि उबुंटूवर वायफायच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह आलं तर त्याचा अर्थही हाच.

याच्या उलटही होतं. आयकॉन छान दिसतोय आणि एकही साइट उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या मुदतबंद ओळखपत्राची, तक्रार. अशा वेळी कॉम्प्युटरची तारीख बघावी. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख थेट काही वर्षं मागे जाते, आणि हल्लीच्या जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएस, म्हणजे कुलूप लावलेल्या, असल्यामुळे तारीख चुकली की सर्टिफिकेट नामंजूर. साध्या एचटीटीपीच्या फाईलला तारखेशी घेणंदेणं नाही, त्यामुळे विंडोज खूश. तारीख दुरुस्त करून भागत नाही, सेल बदलायचा, सीआर२०३२ म्हणून कुठल्याही दुकानात मिळतो.

बिघाड कुठे आहे

पहिल्यांदा कॉम्प्युटर सोडा आणि घरातला दुसरा फोन मोबाइल डेटा बंद करून त्याच वायफायवर लावून बघा. डेटा बंद करायचं बरेच जण विसरतात आणि मग 'फोनवर तर चालतंय' असं सांगतात. फोनवरही नसेल तर राऊटरकडे जायचं, म्हणजे नेटवाल्याच्या त्या डब्याकडे. फायबर असेल तर डब्यावर पॉन आणि लॉस असे दोन दिवे असतात, लॉसचा दिवा लाल झाला किंवा लुकलुकायला लागला तर प्रकाश डब्यापर्यंत येतच नाहीये, वायर कुठेतरी तुटली आहे किंवा वाकून दबली आहे, कपाट सरकवताना हे सर्रास होतं. तिथे कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, नेटवाल्याला फोन करायचा आणि 'लॉस लाल आहे' एवढंच सांगायचं, म्हणजे तो 'राऊटर बंद-चालू करून बघा' म्हणत वेळ काढणार नाही.

फोनवर चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तर मग कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग. इथे आयपी पत्ता (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा आकड्यांतला पत्ता) १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर उत्तर मिळालं, राऊटरने पत्ता दिलाच नाही म्हणून विंडोजने स्वतःच स्वतःला एक देऊन टाकला, अशा वेळी नेटवर्कच्या नावाच्या जागी बहुतेकदा 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' दिसतं. केबल काढून घाला, वायफाय विसरायला लावून परत पासवर्ड टाका, राऊटर बंद करून जरा थांबून चालू करा. पत्ता १९२.१६८ वाला बरोबर दिसत असेल तर त्याच यादीतल्या डिफॉल्ट गेटवेला, म्हणजे राऊटरच्या पत्त्याला, पिंग करायचं (पिंग लिहून पुढे पत्ता, उत्तर येतं का बघायचं), तो बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरकडे १९२.१६८.२९.१. तिथून उत्तर आलं की बाहेरच्या नेटवर ८.८.८.८ ला (हा गुगलच्या डीएनएसचा पत्ता) पिंग. तेही आलं आणि साइट नावाने उघडत नाहीत तर दोष बहुधा डीएनएसचा, मग साठवलेली जुनी उत्तरं पुसायला आयपीकॉन्फिगलाच फ्लशडीएनएस जोडून चालवायचं किंवा डीएनएस बदलून बघायचं.

बंद-चालू करण्याबद्दल एक गंमत. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, ते चालू असेल तर 'शटडाऊन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत उचलला जातो, त्यामुळे अडकलेला वायफायचा ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतं. रात्री बंद करून सकाळी लावला तरी गोळा जात नाही आणि रीस्टार्टने जातो याचं कारण हेच. तरीही नाही गेला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करायचं, ड्रायव्हर डिलीट करा अशी खूण मात्र करायची नाही. सेटिंग्जमधलं 'नेटवर्क रीसेट' अगदी शेवटी, कारण ते सगळे साठवलेले वायफाय पासवर्ड पुसतं, ऑफिसचं व्हीपीएनही नव्याने लावायला लागू शकतं.

फोल्डरमध्ये दिसणारा परका फोन

हा प्रकार वेगळा. फाईल एक्सप्लोररमध्ये डावीकडच्या 'नेटवर्क'वर क्लिक केलं की टीव्ही, प्रिंटर, राऊटर दिसतात आणि मध्येच कुठलातरी मॉडेल नंबरवाला फोन, जो घरात कुणाचाच नाही. पहिला विचार येतो वायफाय चोरीचा. आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावं, तिथे कंपनी, मॉडेल, मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्कच्या भागाचा ओळख क्रमांक) आणि असला तर आयपी पत्ता मिळतो. आयपी पत्ता नसेल तर तो फोन बहुधा तुमच्या राऊटरवर नाहीच, विंडोजची 'विंडोज कनेक्ट नाऊ' ही सेवा आसपासच्या यंत्रांनी हवेत सोडलेले डब्ल्यूपीएसचे (पासवर्ड न टाकता वायफाय जोडण्याच्या सोयीचे) संदेश ऐकते आणि शेजाऱ्याचा फोनही यादीत टाकून देते. सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती सेवा बंद केली की हे पाहुणे दिसत नाहीत.

आयपी पत्ता असेल तर राऊटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी बघायची. मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते असं सांगतात, ते अर्धंच खरं राहिलंय, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता देतात. दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बनावट समजायचा, त्यावरून कंपनी शोधण्यात वेळ घालवू नये. म्हणजे घरातलाच फोन अनोळखी वाटू शकतो, तेव्हा आधी एकेक फोनचं वायफाय बंद करून यादीतून कोण गळतं ते बघावं. तरी एखादा उरलाच तर वायफायचा पासवर्ड बदलायचा, राऊटरमधलं डब्ल्यूपीएस बंद करायचं आणि टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा या सगळ्यांना नवा पासवर्ड देत बसायचं, त्यात प्रिंटर सर्वात जास्त छळतो.