मळामुळे ऑइल अडत नाही!

साताऱ्यात जुनी गाडी घेतली की कुणीतरी सांगतंच, "इंजिन धुऊ नका, मळानंच ऑइल अडलंय." साफ चूक. मळ म्हणजे झिरपलेल्या ऑइलवर बसलेली धूळ. तो गळती लपवतो, थांबवत नाही. धुतल्यावर डाग दिसतो आणि आळ बिचाऱ्या धुण्यावर!

मी थंड इंजिन डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) नि जुन्या टूथब्रशनं घासलं. अल्टरनेटरवर, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या भागावर, प्लास्टिकची पिशवी बांधून. मग यवतेश्वरचा घाट चढून आलो, टॉर्च मारला. थेंब चेंबरखाली (इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी), पण ओल सुरू होत होती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेला. ऑइल ओघळतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. तिथलं रबरी पॅकिंग उष्णतेनं कडक झालेलं. बोल्ट करकचून आवळले तर कव्हरच वाकतं, म्हणून पॅकिंगच बदललं. थेंब एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडत असेल, तर मात्र गाडी चालवूच नका.