डोमेन वॉल आणि गायब अँटीमॅटर : हे प्रकरण आलं कुठून

भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या १९२८ च्या समीकरणातून अँटीमॅटर (नेहमीच्या कणांचे, म्हणजे मॅटरचे, उलट विद्युतभाराचे जुळे; दोघं भेटले की एकमेकांना संपवतात) निघालं, १९३२ ला अँडरसनला कॉस्मिक किरणांत पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा असा जुळा, सापडला, आणि १९३३ च्या नोबेल भाषणात डिरॅकने सरळ सांगून टाकलं की काही तारे अख्खे अँटीमॅटरचे असू शकतील, नुसत्या प्रकाशावरून ते ओळखूच येणार नाहीत. म्हणजे तेव्हा तरी हिशोब बरोबरीचाच धरलेला होता. पण आपल्याला दिसतं ते जवळपास सगळं मॅटरच, मग अँटीमॅटर गेलं कुठे, हे कोडं.

१९६४ ला क्रोनिन आणि फिच यांना केऑन नावाच्या अल्पायुषी कणांत सीपी सिमेट्री (कणाच्या जागी अँटीकण घेतला, ही सी, आणि वर आरशातलं चित्र घेतलं, ही पी, तरी नियम तेच राहतात ही समानता) किंचित मोडलेली दिसली, आणि १९६७ ला साखारोवने मॅटर उरायला काय काय लागतं ते मांडलं: बेरिऑन नंबर (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची संख्या वजा त्यांच्या अँटीकणांची) बदलला पाहिजे, सी आणि सीपी मोडले पाहिजेत, आणि हे सगळं समतोल बिघडलेला असताना व्हायला हवं.

खरी गंमत पुढे आहे. १९७३ ला टी. डी. ली म्हणाले की सीपी आपोआप मोडत असेल, म्हणजे नियम सारखेच पण थंड होताना विश्वाने एक बाजू निवडली, तर? पण लांबलांबच्या भागांचा एकमेकांशी संपर्कच नाही, मग प्रत्येकजण आपापली बाजू निवडणार, इकडे मॅटर उरलं तर तिकडे अँटीमॅटर, आणि मधे डोमेन वॉल, म्हणजे दोन्ही भागांच्या सीमेवरची ऊर्जेची पातळ भिंत! एकूण बेरीज परत शून्य, मला तर ही आयडिया भारी वाटते. पण १९७४ लाच झेल्डोविच, कोबझारेव आणि ओकुन यांनी तिची हवा काढली. विश्व पसरताना रेडिएशनची घनता झपाट्याने उतरते, भिंतींची फार हळू उतरते, त्यामुळे शेवटी भिंतीच सगळ्यावर भारी पडतात आणि बॅकग्राउंड रेडिएशन (बिग बँगनंतर उरलेलं, आकाशात सगळीकडून येणारं) आपल्याला दिसतं तेवढं एकसारखं राहूच शकत नाही.

भिंत नाहीशी झाली तरी सुटका नाही, कारण मॅटर-अँटीमॅटरचे शेजारी भाग सीमेवर एकमेकांना संपवणार आणि गॅमा किरण सोडणार. १९९८ ला कोहेन, दे रुहुला आणि ग्लॅशो यांनी गणित करून दाखवलं की असे भाग असलेच तर जवळपास दिसणाऱ्या विश्वाएवढे मोठे हवेत, नाहीतर आपल्याला दिसतात त्याहून कितीतरी जास्त गॅमा किरण दिसले असते.

तरी भिंती काही मेल्या नाहीत. दोन बाजूंच्या ऊर्जेत थोडा जरी फरक असला तरी त्या कोसळून संपतात, आणि जाताना गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, सोडतात. २०२३ ला पल्सारांच्या (ठरावीक ठेक्यात रेडिओ-स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) मोजणीत लहरींचा जो मंद गोंगाट दिसला त्याच्या कारणांच्या यादीत म्हणूनच डोमेन वॉलही आल्या, अर्थात पहिला संशय अजून महाकाय ब्लॅक होलच्या जोड्यांवरच आहे.