सातारा जिल्ह्यातील घरबांधणीचे स्थानिक साहित्य

बांधकामाच्या जागेजवळ मिळणारा दगड, माती, चुना, लाकूड वापरून घर बांधण्याची जुनी रीत. लांबची वाहतूक टळते आणि सिमेंट व लोखंड कमी लागते, म्हणून पर्यावरणपूरक बांधकामात तिचा नव्याने विचार होतो. साताऱ्यात मात्र ‘स्थानिक’ काय, हे तालुक्यागणिक बदलते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर माण तालुक्यात ५०० च्या आसपास. आणि ही दोन टोके सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहेत.

माण-खटावची जुनी घरे पांढऱ्या मातीची आणि माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. काळी माती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते, त्यामुळे भिंतीला ती चालत नाही. माळवदात तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर असतो. उन्हाळ्याची धग आत उशिरा पोचते. दरवर्षी पावसाआधी वर नवी माती पसरावी लागते. ते करायला घरात माणसे उरली नाहीत, हे माळवदाऐवजी स्लॅब येण्याचे मोठे कारण आहे.

जावळी, पाटणच्या डोंगरात उतरते छप्पर आणि कारवी या रानझुडपाचे कूड, म्हणजे काठ्यांच्या भिंती. कारवीच्या काठ्या एकमेकींत गुंफून दोन्ही अंगांनी शेणामातीने लिंपतात. ओल वर चढू नये म्हणून जोते काळ्या दगडाचे, आणि भिंत भिजू नये म्हणून वळचण लांब. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवर जांभा, म्हणजे तांबूस सच्छिद्र दगड, आहे. तो ओला असताना सहज तासता येतो आणि हवेत कठीण होतो. पण हा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि कारवी बहुतांशी राखीव जंगलातली. हाताशी आहे म्हणून खणावे किंवा तोडावे, असा हिशेब इथे चालत नाही.

कृष्णाकाठी काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, मुबलक. वाईजवळ मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि दगडी घाट आजही उभे आहेत. कऱ्हाड भागातली भट्टीची वीट जवळची खरी, पण ती नदीकाठची सुपीक माती खाते आणि भाजायला इंधन लागते. तिला पर्यावरणपूरक म्हणणे जरा सैलच. मातीत साधारण ५ ते १० टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या विटा भाजाव्या लागत नाहीत, फक्त काही दिवस ओल्या ठेवून मुरवाव्या लागतात. त्यासाठी माती वाळूमिश्रित हवी.

या जिल्ह्यात निवडीचा सर्वांत कडक निकष भूकंपाचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. गोल डबर मातीत रचलेल्या जाड भिंती अशा हादऱ्यात दोन पापुद्र्यांसारख्या सुटतात आणि वरचे जड छप्पर खाली येते. त्यामुळे पाटण भागात दगड वापरायचाच तर तो घडीव असावा, भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर असावेत, आणि जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखाली लाकडाचा किंवा काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. एवढ्यापुरते सिमेंट-लोखंड बाहेरून आणण्यात कसूर करू नये. पाडलेल्या वाड्यांचे सागवान आणि घडीव दगड विकत मिळतात. वाळवी व तडे तपासून घेतल्यास नवे झाड किंवा नवी खाण लागत नाही.