किल्ल्याची राखण : बेळगावच्या दिवाळीतला जुना पहारा

बेळगावात दिवाळीचा किल्ला उभा राहिला, की चुन्याचा हात वाळायच्या आत पोरं रात्रीच्या पाळ्या लावतात. पहाटेपर्यंत कोण जागणार, घोंगडं कुणाच्या घरून येणार, कुत्रं आलं तर काठी कुणाच्या हाती. कारण अधूनमधून कुठल्या तरी गल्लीतला किल्ला रात्रीतून फुटतोच. बुरुजात सुतळी बॉम्ब ठेवलेला असतो, तोफा गायब असतात, महाराजांच्या मूर्तीचा हात मोडलेला असतो. मग सकाळी हळहळ, दुपारी संशय आणि संध्याकाळी भांडण.

इथल्या पोरांना नमुना शोधायला लांब जावं लागत नाही. गावातच रट्ट घराण्यातल्या बिचिराजाने 1204 मध्ये बांधलेला भुईकोट आहे, जो 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. येळ्ळूरच्या डोक्यावर राजहंसगड, खानापूरच्या रानात भीमगड, संकेश्वरजवळ वल्लभगड. चंदगडच्या बाजूला महिपाळगड, कलानिधीगड आणि पारगड. यांतला पारगड राखणीच्या दृष्टीने खास. शिवाजी महाराजांनी तो 1676 मध्ये बांधून घेतला आणि तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा याला तिथला किल्लेदार नेमलं. चंद्र-सूर्य असेतो गड जागता ठेवा, असं महाराजांनी गडकऱ्यांना बजावल्याचं तिथे आजही सांगतात, आणि मालुसऱ्यांचे वंशज त्या आडरानात टिकून राहिले ते त्या शब्दाखातर, असंही. बेळगावची पोरं सहलीला पारगडावर जातात, ही गोष्ट ऐकतात आणि दिवाळीत तीच गल्लीत आणून बसवतात.

खऱ्या गडांवर राखण ही काटेकोर व्यवस्था होती. गडाचा हवालदार, हिशेब ठेवणारा सबनीस आणि कोठारं सांभाळणारा कारखानीस अशा तिघांत कारभार वाटलेला, म्हणजे एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये. दिवस मावळला की दरवाजे बंद. हिरकणीची गोष्ट त्या बंद दरवाज्यावरच उभी आहे. गडाच्या वाटेवर मेटं, म्हणजे चौक्या, आणि पायथ्याच्या घेऱ्यात रामोशी, बेरड यांच्यासारख्या जमातींचा पहारा. शाळेच्या पुस्तकात लढाया येतात, मेटांवर रात्र काढणारे फारसे येत नाहीत. गल्लीतल्या किल्ल्यावर मात्र दरवाज्यावरचे भालदार आधी लागतात आणि सिंहासन शेवटी, हे मी लहानपणापासून पाहतो आहे.

हे सगळं गल्लीच्या चौकात कसं आलं, याचा धागा टिळकांच्या काळापर्यंत जातो. रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची हाक 1895 मध्ये दिली गेली, 1896 मध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला आणि महाराज घरातल्या पोवाड्यातून रस्त्यावर आले. टिळकांचा बेळगावशी संबंध जवळचा. स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगची स्थापना त्यांनी एप्रिल 1916 मध्ये इथेच केली. त्या उत्सवी वळणातून गल्लोगल्ली मंडळं उभी राहिली. गणपतीत मांडव घालणारी, वैशाखात तिथीच्या शिवजयंतीला रात्रभर चित्ररथ फिरवणारी आणि दिवाळीत पोती भिजवणारी पोरं बहुतेक तीच असतात. वर गल्लीची पंच मंडळी. माझ्या मते बेळगावचा किल्ला पुण्या-साताऱ्याच्या किल्ल्यापेक्षा मोठा होत गेला तो यामुळे. तो एका अंगणाचा न राहता गल्लीचा झाला.

अंगणातल्या किल्ल्याचे शत्रू साधे होते. किल्ला म्हणजे विटा, दगड, पोती, त्यावर लाल मातीचा चिखल, आणि उतारावर मोहरी नाहीतर नाचणी पेरलेली. कोंब वर आले की शेळी हजर. परतीचा पाऊस आला तर ताडपत्री. पाडव्याला गवळी मंडळी शिंगं रंगवून, गोंडे बांधून म्हशी मिरवतात. गल्लीतून त्या धावल्या की तटाच्या अंगाला माणसं उभी करायची. आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे शेजारच्या गल्लीतली पोरं. त्यांच्या हल्ल्यालाही रीत होती. तोफ पळवायची, भगवा पळवायचा, पण मूर्तीला हात लावायचा नाही, आणि भाऊबीजेपर्यंत माल परत. आमच्या पहाऱ्यात एकदा मी झोपलो आणि चार मावळे गेले. सकाळी तेच चौघे पलीकडच्या किल्ल्यावर आमच्याकडे भाले रोखून उभे. वडीलधारी हसली, मी आठवडाभर तोंड लपवलं.

ही रीत मोडली ती किल्ला मोठा झाल्यावर. स्पर्धा आल्या, बक्षिसं आली, थर्माकोल आणि प्लास्टर आलं, रोषणाई आणि ध्वनिफितीवरचं निवेदन आलं. चवाट गल्ली, शहापूर, वडगाव, अनगोळ इकडे लोक सहकुटुंब किल्ले पाहत हिंडू लागले. गर्दीत अनोळखी माणूस ओळखू येत नाही, आणि वर्गणीतून केलेला किल्ला फुटला की ती खोडी राहत नाही, नुकसान होतं. राखण पोरांच्या हातून मोठ्यांकडे गेली; आता खांबावर कॅमेरा असतो. कॅमेऱ्याला झोप लागत नाही हे खरं, पण फुटलेला बुरूज पहाटेच्या आत लिंपायला तो उठत नाही.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि तेव्हापासून हा दिवस कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसाचा काळा दिन. दिवाळी अनेकदा त्याच सुमाराला येते. 2016 मध्ये भाऊबीज आणि 2024 मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं 1 नोव्हेंबरला आलं. सकाळी संभाजी उद्यानातून निघणाऱ्या फेरीत काळी फीत बांधून जाणारी पोरं संध्याकाळी किल्ल्यावर पणत्या लावतात. अशा गावात मोडतोडीचा अर्थ पटकन बदलतो. डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली, पाठोपाठ अनगोळात संगोळ्ळी रायण्णा या इंग्रजांशी लढलेल्या कन्नड वीराच्या पुतळ्याची मोडतोड झाली, आणि शहरात जमावबंदी लागली. रायण्णांना 1831 मध्ये फाशी झाली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. तिथल्या मराठी गावांनाही ते परके नाहीत. पण 2021 च्या त्या प्रकारांपासून मातीचा बुरूज ढासळला तरी लोक आधी भाषा विचारतात. बहुतेक वेळा उत्तर दारू, फटाका किंवा जुनी गल्लीची खुन्नस एवढंच निघतं. पंच मंडळींतले जाणते म्हणून आधी फुटका भाग झाकतात, फोटो काढू देत नाहीत आणि मगच चौकशी करतात. हीसुद्धा राखणच.

किल्ला टिकवायचा नसतोच म्हणा. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पोरं स्वतःच तो फोडतात, आणि काय जोराने! मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जातात, माती कुंड्यांत, विटा ज्याच्या त्याच्या दारात. दिवाळीभर जिला काठीने हाकललं, त्या शेळीला त्या दिवशी कुणी अडवत नाही. नाचणीचे कोंब ती मुळासकट खाते.