वैद्यकीय जर्नलला लेख पाठवताना संदर्भ कसे द्यायचे: नियम, पात्रता आणि सोबतचे कागद

बेळगावच्या मेडिकल कॉलेजांत थिसिसमधून पेपर काढताना बहुतेकांची सगळी ताकद डेटा आणि टेबलांवर खर्च होते. संदर्भसूची शेवटच्या रात्री उरकली जाते. पण जर्नलच्या ऑफिसात लेख परीक्षकांकडे जाण्याआधी त्याची तांत्रिक तपासणी होते. तिथे संदर्भ विस्कळीत दिसले, की आतलं काम कितीही चांगलं असलं तरी लेख दुरुस्तीसाठी परत येतो आणि काही आठवडे वाया जातात.

बहुतेक वैद्यकीय जर्नल व्हँकुव्हर पद्धत वापरतात, म्हणजे मजकुरात क्रमांक आणि शेवटी त्याच क्रमाने संदर्भसूची. 1978 मध्ये वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि लेखांसाठी समान नियम ठरवले. तिथूनच हे नाव आलं. पुढे त्या गटाची आंतरराष्ट्रीय वैद्यकीय जर्नल संपादक समिती झाली. या पद्धतीतही जर्नलागणिक थोडे फरक असतात. क्रमांक वर चढवून लिहायचा की कंसात, पूर्णविरामाआधी की नंतर, लेखकांची नावं किती, संदर्भ जास्तीत जास्त किती, हे त्या जर्नलच्या 'लेखकांसाठी सूचना' या पानावर दिलेलं असतं. ते पान छापून टेबलावर ठेवा. सोबत त्याच जर्नलच्या ताज्या अंकातला एखादा लेख उघडा आणि त्याची संदर्भसूची नमुना म्हणून वापरा.

कोणता संदर्भ सूचीत बसतो

प्रकाशित लेख, पुस्तक, पुस्तकातलं प्रकरण, सरकारी अहवाल, थिसिस आणि तारखेसह वेबपान हे सगळं चालतं. प्रीप्रिंट (परीक्षण होण्याआधीच ऑनलाइन टाकलेला लेख) दिला तर तो प्रीप्रिंट आहे, हे संदर्भातच लिहावं लागतं. स्वीकारला गेलेला पण अजून न छापलेला लेख 'प्रकाशनाच्या वाटेवर' असा शेरा देऊन सूचीत घेता येतो. त्यासाठी त्या लेखकांची लेखी परवानगी आणि स्वीकृतीचा पुरावा जवळ हवा. नुसता सबमिट केलेला, निर्णय न झालेला लेख सूचीत येत नाही. एखाद्या सरांनी तोंडी किंवा ईमेलवर सांगितलेली माहिती मजकुरातच कंसात नाव आणि तारखेसह द्यायची. तिलाही लेखी परवानगी लागते.

मागे घेतलेला लेख पुरावा म्हणून देता येत नाही. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत अशा लेखाच्या पानावर ठळक सूचना दिसते. सबमिट करण्याच्या दिवशी प्रत्येक संदर्भ पुन्हा एकदा उघडून पाहा, कारण थिसिसच्या पहिल्या वर्षी धडधाकट असलेला लेख मधल्या काळात मागे घेतला गेलेला असू शकतो.

क्रमांक

मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ पहिल्यांदा येतो, तोच त्याचा क्रमांक. तोच संदर्भ पुढे दहा वेळा आला तरी क्रमांक बदलत नाही. सलग क्रमांक 3-5 असे, सुटे 3,5,9 असे. सारांशात संदर्भ देत नाहीत.

सर्वात जास्त गोंधळ टेबलात होतो. फक्त टेबलात किंवा आकृतीत येणाऱ्या संदर्भाचा क्रमांक त्या टेबलाचा उल्लेख मजकुरात पहिल्यांदा जिथे होतो, त्या जागेवरून ठरतो. टेबल 1 चा उल्लेख संदर्भ 8 नंतर आला, तर टेबलातले नवे संदर्भ 9 पासून सुरू होतात आणि पुढचा मजकूर त्यानंतरचे क्रमांक घेतो. टेबलं फाइलच्या शेवटी असतात म्हणून अनेक जण त्यांना शेवटचे क्रमांक देतात आणि तिथेच फसतात.

एक संदर्भ जवळून

बेळगाव जिल्ह्यातच झालेला, जगभर उद्धृत होणारा एक अभ्यास घेऊ. ग्रामीण भागात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1620 महिलांवर रक्तस्राव रोखण्यासाठीच्या मिसोप्रोस्टॉल या औषधाची चाचणी झाली आणि ती 2006 मध्ये लॅन्सेटमध्ये आली. इंग्रजीत रोमन लिपीत जे लिहायचं, ते इथे देवनागरीत मांडलं तर असं दिसेल:

डर्मन आरजे, कोडकनी बीएस, गौडर एसएस, गेलर एसई, नाईक व्हीए, बेल्लद एमबी, एट अल. ओरल मिसोप्रोस्टॉल इन प्रिव्हेंटिंग पोस्टपार्टम हेमरेज इन रिसोर्स-पुअर कम्युनिटीज: अ रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल. लॅन्सेट. 2006;368(9543):1248-53.

आडनाव आधी, मग आद्याक्षरं, आणि आद्याक्षरांमध्ये टिंब नाही. शेवटच्या नावाआधी 'अँड' नाही. सहा लेखकांनंतर 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. काही जर्नल तीनच नावं मागतात. शीर्षकात फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं मोठी. वर्षानंतर अर्धविराम, मग खंड, कंसात अंक, विसर्ग, पानं, आणि यांच्यामध्ये कुठेही मोकळी जागा नाही. 1248-1253 ऐवजी 1248-53. 'हेमरेज'चं ब्रिटिश स्पेलिंग मूळ शीर्षकात जसं आहे तसंच राहतं. वर्डने ते परस्पर अमेरिकन केलं असेल तर मागे फिरवा. जर्नलचं नाव लांबलचक असेल तर त्याचं ठरलेलं संक्षिप्त रूप पबमेडच्या जर्नल यादीतून घ्या, मनाने बनवू नका.

याच अभ्यासात बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. असा आकडा तुमच्या लेखात घेताना तो मूळ पेपरमध्ये स्वतः पाहिलेला हवा. दुसऱ्याच्या सूचीतून उचललेल्या संदर्भात आधीच्या माणसाची चूकही सोबत येते.

आपल्या भागाचे खास प्रश्न

बोलताना आपण बेळगावच म्हणतो, पण इंग्रजीत 1 नोव्हेंबर 2014 पासून 'बेळगावी' हे अधिकृत नाव झालं. त्याआधीच्या लेखांच्या शीर्षकात 'बेलगाम' असं जुनं स्पेलिंग आहे. संदर्भात ते तसंच ठेवायचं, नव्या नावात बदलायचं नाही. तुमच्या स्वतःच्या संस्थेचा पत्ता मात्र आजच्या अधिकृत स्पेलिंगने द्या. पबमेडवर शोधताना दोन्ही स्पेलिंग 'ऑर' लावून टाका, नाहीतर बरंच जुनं काम हाती लागणार नाही. विजापूर, गुलबर्गा, म्हैसूर, बेंगलोर यांचीही नावं त्याच दिवशी बदलली, त्यांनाही हेच लागू.

कन्नड सरकारी अहवाल किंवा मराठी पुस्तक संदर्भात द्यायचं असेल, तर शीर्षकाचा इंग्रजी अनुवाद चौकोनी कंसात देऊन शेवटी भाषेचं नाव लिहितात. अथणी किंवा खानापूर तालुक्याच्या कन्नड कागदांवर काम करणाऱ्यांनी मूळ कागदाची स्कॅन प्रत जपून ठेवावी, परीक्षक मागू शकतो. अहवालावर माणसाचं नाव नसेल तर संस्था हीच लेखक.

सॉफ्टवेअर

संदर्भ साठवून लेखात आपोआप टाकणारं झोटेरो मोफत आहे आणि पुरेसं आहे. गुगल स्कॉलरवरून माहिती खेचण्याऐवजी पीएमआयडी (लेखाचा पबमेड क्रमांक) किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून संदर्भ आणा. तरीही शीर्षक सगळं मोठ्या अक्षरांत येणं, अंक गाळला जाणं, संस्थेच्या नावाचे तुकडे पडून ते आडनाव बनणं असे प्रकार होतात, म्हणून प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा. सबमिट करण्याआधी फाइलची एक प्रत वेगळी ठेवा आणि दुसऱ्या प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' करा, म्हणजे क्रमांक सॉफ्टवेअरपासून सुटून साधा मजकूर होतात. नाहीतर जर्नलच्या प्रणालीत क्रमांक विस्कटू शकतात. मूळ प्रत हरवली तर परीक्षकांच्या सूचनेनंतर सगळे क्रमांक हाताने बदलत बसावं लागतं.

एआयने सुचवलेला संदर्भ कधीही थेट घेऊ नका. नावं, जर्नल, वर्ष सगळं खरं वाटतं आणि डीओआय भलत्याच लेखावर उघडतो. पबमेडच्या 'सिंगल सायटेशन मॅचर'मध्ये जर्नल, वर्ष, खंड आणि पहिलं पान टाकलं, की लेख आहे की नाही ते लगेच कळतं.

सोबत काय ठेवायचं

मुख्य फाइल लेखकांच्या नावांशिवाय, नावांचं पान वेगळं, संपादकांना पत्र, आयईसीच्या (संस्थेच्या नैतिकता समितीच्या) मंजुरीचं पत्र, हितसंबंध जाहीर करणारा फॉर्म, उसन्या आकृतीची परवानगी आणि वर सांगितलेली लेखी परवानगीपत्रं. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी क्रमांक. भारतात 1 एप्रिल 2018 पासून ही नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीच व्हावी लागते. आणि स्वतःच्या थिसिसमधून पेपर काढला असेल तर ते संपादकांच्या पत्रात स्पष्ट लिहा. कॉलेजच्या संकेतस्थळावर थिसिस आधीच चढलेला असेल, तर साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो मजकूर जुळलेला दिसतो, आणि त्याचा खुलासा पत्रात असला की ऑफिसचा प्रश्न तिथेच मिटतो.