साध्या टेक्स्टमधली रोजनिशी वेबवर कशी आली, अन् मराठीला उशीर का लागला

रोजचं रोज लिहून ठेवायची सवय आपल्या मराठवाड्यात जुनीच, लातूरच्या आडतीवर मुनीम रोजमेळ लिहायचे, घरोघरी डायरीत पाऊस कधी पडला, पेरा कधी झाला, बियाणं कितीला आणलं हे टिपलेलं असायचं. आता काहीजण हेच साध्या टेक्स्ट फाईलीत लिहायलेत आणि तीच फाईल वेबपेज म्हणून लावायलेत, मला तर ही लई चांगली गोष्ट वाटते.

सुरुवात वेबच्याही आधीची. 1971 च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये लेस अर्नेस्टनं फिंगर नावाचा प्रोग्राम लिहिला, मशीनवर कोण बसलंय ते बघायला, त्यात प्रत्येकाची एक 'प्लॅन' फाईल पण दिसायची, नुसतं टेक्स्ट. पुढं नव्वदीत गेम बनवणारा जॉन कारमॅक त्याच फाईलीत आपल्या कामाची नोंद ठेवायचा आणि लोक ती आवडीनं वाचायचे. वेब 1991 ला खुलं झालं, 1994 ला जस्टिन हॉल ह्या अमेरिकन कॉलेजच्या पोरानं स्वतःविषयी लिहायचं वेबपेज सुरू केलं.

मराठीचं घोडं अडलं ते अक्षरांपाशी. डीटीपीच्या दुकानात कृतीदेवसारखे फॉन्ट चालायचे, त्यात 'राम' टाईप केलं की फाईलीत खरं तर जे, के, ई ही इंग्रजी अक्षरं बसतात, देवनागरी दिसते ती फक्त फॉन्टमुळं, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की काहीच वाचता येत नाही. पत्रिका छापून झाली की काम संपलं म्हणून तिथं ते खपून गेलं, पण वर्षानुवर्षं जपायच्या लिखाणाचं त्यानं फार नुकसान केलं.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर देणारी पद्धत, देवनागरी तिच्या 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत होती, 1992 ला केन थॉम्प्सन आणि रॉब पाईकनं ते नंबर फाईलीत साठवायची यूटीएफ-8 ही रीत काढली, विंडोज 2000 मध्ये देवनागरीची सोय आली, तरी नोटपॅड सेव्ह करताना एएनएसआय ही मराठी अक्षरं न मावणारी जुनी रीतच धरायचं आणि वॉर्निंग न वाचता ओके दाबलं की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं! 2019 च्या विंडोज 10 अपडेटमध्ये यूटीएफ-8 डिफॉल्ट झालं तेव्हा कुठं हा त्रास मिटला.

मधल्या काळात 2004 ला जॉन ग्रुबरचं मार्कडाऊन (साध्या टेक्स्टमध्येच मथळे, याद्या दाखवायच्या सोप्या खुणा) आणि 2008 ला जेकिल (अशा फाईलींपासून वेबसाईट बनवणारा प्रोग्राम) आलं, त्यामुळं साध्या टेक्स्टचं पान आपोआप बनायला लागलं. हातानंच एचटीएमएल, म्हणजे वेबपेजची खुणांची भाषा, लिहिणाऱ्यानं मात्र वरती कॅरेक्टर सेट यूटीएफ-8 असल्याची ओळ टाकावीच, नाहीतर ब्राउझर अंदाज बांधतो आणि 'पाऊस'च्या जागी टिकल्या लावलेली रोमन अक्षरं दाखवतो.